फाटकाजवळचा फळा

निकाल शनिवारी. सकाळी आठ ते दहा.
एवढं लिहिलं आणि खडू मोडला.
पेडामकर काका म्हणाले, बाई, मोठं लिहा,
मागच्या वर्षी निम्मे पालक रविवारी आले होते,
मी एकटा होतो, मला कुणाकुणाला रागवता येईल?
मी मोठं लिहिलं. मग बाकीच्याला जागा उरेना.
वरच्या कोपऱ्यातला सुविचार पुसून टाकला.
वर्षभर तिथे होता, कुणी वाचल्याचं आठवत नाही.

दोन. ज्यांचं आधार जोडायचं राहिलं आहे
त्यांनी कार्ड घेऊन यावे.
तीन. सापडलेल्या वस्तू कार्यालयातून न्याव्यात.

सापडलेल्या वस्तू काय काय, ते फळ्यावर मावत नाही.
अकरा बाटल्या, त्यातल्या सात बिनझाकणाच्या.
डाव्या पायाचा एक बूट.
एक चष्मा, ज्याचं नाव काढलं की
सगळा वर्ग आपापलं नाक चाचपून बघतो.
आणि कंपासपेटीत, कापसात गुंडाळलेला, दुधाचा दात.
सोबत चिठ्ठी : हरवू नये.

चार. चौथीचे दाखले तयार आहेत.
इथे अक्षर जरा तिरकं गेलं.
यातला इबाद पहिलीत तीन महिने
दप्तर पाठीवरून उतरवत नव्हता,
न जाणो, कधी निघावं लागेल.
आता त्याला शाळेतून घालवावं लागतं,
काका एकेक दिवा बंद करत येतात तेव्हा.

पाच. सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन.
हे दरवर्षी असतं.
का, ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

सहा. तिसरीच्या मुलांनी गच्चीवर लावलेली मेथी विकून
एकशे चाळीस रुपये आले,
त्यातून दोन नंबरच्या वर्गातला पंखा दुरुस्त झाला.
सात. शाळा पंधरा जूनला उघडेल.

निवेदिता धोत्रेबद्दल काही लिहिलं नाही.
संगमनगरमधलं त्यांचं घर पाडलं, ते कळव्याला गेले म्हणतात,
कुणी म्हणतं कळंबोलीला.
तिचं प्रगतिपुस्तक माझ्या कपाटात आहे.
शेरा लिहिलाय : बोलकी आहे.

दुपारी मुलं गेली.
मिठागराकडून खारट, चिकट वारा येत होता,
मी खिडकी लावायला उठले तर खाली
सेल्वी आईला फळा वाचून दाखवत होती.
वाचत मराठी होती, सांगत तमिळमध्ये.
आई कामावरून तशीच आलेली,
साडीला कापलेले धागे चिकटलेले, निळे, लाल.

तमिळ मला येत नाही, पण बोट कळतं.
एकवर ते थांबलं.
दोनवर बराच वेळ थांबलं, आईने पिशवी चाचपली.
तीनवर आईने सेल्वीच्या पायांकडे पाहिलं.
सेल्वीने आकाशाकडे.
चार तिच्या कामाचं नव्हतं,
आणि पाचवरून बोट असं घसरलं
जशी ओल्या लादीवरून चप्पल,
ते थेट मेथीवर जाऊन उभं राहिलं.
तिथे मात्र खूप बोलणं झालं.
एकशे चाळीस रुपयांचं तमिळमध्ये पुष्कळ होत असावं.

मग आईनेच मागे हात केला, पाचकडे.
हे काय राहिलं?
सेल्वी गप्प. एक क्षणच.
मग तिने काहीतरी सांगितलं, अगदी गंभीर चेहऱ्याने,
आणि आईने पदर सावरून
फळ्याला नमस्कार केला.

त्या वळणापलीकडे जाईपर्यंत मी थांबले.
खाली गेले. डस्टर सापडेना,
तळव्यानेच पाचवी ओळ पुसली.
पाच तेवढा राहू दिला.

काका कुलूप घेऊन आले, फळ्याकडे बघत राहिले.
बाई, पाचला काय आहे?

मी म्हटलं, सेल्वीला विचारा.